स्वल्पविराम श्वासाचा नाही

‘वाचताना जिथे थांबावेसे वाटते, तिथे कॉमा द्यावा.’ इंग्रजीचा हा नियम महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या बहुतेकांना पाठ असतो. आमच्या शाळेत तो मोजमापासह शिकवला जाई. बाई डस्टरने टेबलावर ठोके देत सांगायच्या, कॉमा आला की मनात एक मोजा, सेमीकोलन आला की दोन, फुलस्टॉपला तीन. आम्ही धडा वाचायचो आणि आकडे मोजायचो. पुढे मी स्वतः इंग्रजी शिकवू लागले, पंचवीस वर्षे वह्या आणि उत्तरपत्रिका तपासल्या, आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. माझ्या विद्यार्थ्यांच्या कॉमाच्या चुका नियम विसरल्यामुळे होत नव्हत्या, नियम पाळल्यामुळे होत होत्या. मुले खरोखरच जिथे थांबत होती तिथे कॉमा देत होती. तेव्हा हा नियम अपुरा आहे, थोडी डागडुजी केली की चालेल, असे म्हणून भागणार नाही. तो मुळातच चुकीचा आहे आणि मराठी बोलणाऱ्याला तर तो हमखास आडवाटेला नेतो, असे माझे म्हणणे आहे.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. या पूर्वपक्षाचे बळ थोडेथोडके नाही. इ.स.पू. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनिसने ग्रीक मजकुरात वेगवेगळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत घातली, ती मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. तेव्हा दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. अक्षरांच्या त्या अखंड रांगेत वाचणाऱ्याला कुठेतरी खूण हवीच होती. पुढे इंग्रजीत बेन जॉन्सनने आपल्या व्याकरणात कॉमाचे वर्णन श्वासाच्याच भाषेत केले. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने चार विरामचिन्हांचे प्रमाण थेट संगीताच्या मात्रांशी जोडले. पूर्णविराम सर्वांत लांब, कोलन त्याच्या निम्मा, सेमीकोलन कोलनच्या निम्मा, आणि कॉमा त्याच्याही निम्मा. लिंडली मरेने १७९५ मध्ये हेच दुपटीचे गणित आपल्या व्याकरणात घेतले आणि ते पुस्तक ब्रिटन-अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालले. आमच्या बाईंचे डस्टर या परंपरेतले आहे. त्यांनी मनाचे काही सांगितले नव्हते.

मराठीत हा समज आणखी घट्ट बसला त्याला एक कारण आहे. आपल्याकडे ही चिन्हे इंग्रजीबरोबर आली. मोडीत शब्दही सलग लिहिले जात. देवनागरी पोथीत फार तर दंड असे. मोल्सवर्थच्या कोशावर काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० मध्ये निघाले, आणि मराठी गद्य हळूहळू या खुणांनिशी छापले जाऊ लागले. या खुणांना आपल्याकडे जी नावे रुळली ती सगळी थांबण्याची. पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविराम. विराम म्हणजे थांबणे, विसावणे. मराठी मुलाला नियम सांगायच्याही आधी नाव सांगितले जाते, आणि त्या नावातच पूर्ण सिद्धान्त सांगून झालेला असतो. इंग्रजी मुलाला ‘कॉमा’ या शब्दातून काहीच कळत नाही. एका अर्थी ते त्याचे भाग्य.

आता पूर्वपक्षाच्या साक्षीदारांची एकेक उलटतपासणी करू.

पहिला साक्षीदार ग्रीक. ‘कॉमा’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या ‘कापणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. कॉमा म्हणजे कापलेला तुकडा. कोलन म्हणजे अवयव. ॲरिस्टोफेनिसच्या काळी ही नावे चिन्हांची नव्हती. ती वाक्याच्या लहान-मोठ्या खंडांची नावे होती, आणि ठिपका फक्त तो खंड कुठे संपला एवढे दाखवत असे. म्हणजे सगळ्यात जुन्या पद्धतीतसुद्धा आधी वाक्याचा तुकडा ओळखायचा, मग खूण करायची, आणि मग वाचणारा तिथे थांबणार, असा क्रम होता. थांबणे शेवटी येते. नंतरच्या काळात खंडाचे नाव चिन्हाला चिकटले आणि मूळ क्रम विसरला गेला.

दुसरे साक्षीदार लाउथ आणि मरे. त्यांनी मात्रांचे गणित मांडले हे खरे. पण त्यांची प्रकरणे पुढे वाचत गेले की दिसते, की प्रत्यक्ष नियम सांगायची वेळ आली तेव्हा दोघांनीही श्वास बाजूला ठेवला. कॉमा कुठे द्यायचा हे सांगण्यासाठी लाउथला आधी साधे वाक्य कोणते, संयुक्त कोणते, अपुरा वाक्यांश कोणता, हे समजावून द्यावे लागले. मरेचा कॉमाविषयीचा पहिलाच नियम असा, की साध्या वाक्यातले शब्द एकमेकांशी इतके निगडित असतात की सहसा शेवटच्या पूर्णविरामाखेरीज तिथे चिन्ह लागत नाही. हा नियम फुप्फुसांविषयी काही बोलत नाही, शब्दांच्या नात्याविषयी बोलतो. एक सवलत मात्र मरेने ठेवली होती. कर्ता फार लांब असेल तर क्रियापदाच्या आधी कॉमा चालेल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत असा कॉमा सर्रास दिसतो, आणि ही जुनी पुस्तके वाचून इंग्रजी कमावलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीच्या लेखनातही तो उतरला. श्वासाला दिलेली ती शेवटची सवलत. आजच्या प्रमाण इंग्रजीने ती काढून घेतली आहे, आणि कर्ता-क्रियापदामध्ये एकटा कॉमा आज निखळ चूक मानला जातो.

छापखान्याचा इतिहासही याच दिशेने जातो. आज आपण लिहितो ती कॉमाची वळणदार आकृती पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये, आल्दुस मानुत्सियोच्या छापखान्यात स्थिरावली. त्याच्या त्याच नावाच्या नातवाने १५६६ मध्ये विरामचिन्हांवर लिहिताना वाक्याची रचना स्पष्ट करणे हेच त्यांचे मुख्य काम मानले. पुस्तके स्वस्त झाली, माणसे मनातल्या मनात वाचू लागली, आणि चिन्हांचा मालक बदलला. आधी ती कंठाची होती, आता डोळ्यांची झाली.

इतिहास इथे ठेवू आणि नियमाचीच परीक्षा घेऊ. आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे दोष फार नेमके सांगितले आहेत. गाय म्हणजे कपिल रंगाचा प्राणी असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते; ही अतिव्याप्ती. ‘कॉमा म्हणजे थांबण्याची जागा’ या लक्षणात हे दोन्ही दोष एकाच वेळी आहेत.

अव्याप्ती पाहा. वर्गात हजेरी घेताना पन्नास मुले ‘येस सर’ म्हणतात. एका दमात, एकाच शब्दासारखे. कोणीही मध्ये थांबत नाही. पण लिहायचे झाले तर ‘येस’ नंतर कॉमा हवा, कारण ‘सर’ हे संबोधन आहे आणि संबोधन वाक्याच्या बाहेर उभे असते. पत्त्यात ‘नाशिक, महाराष्ट्र’ असा कॉमा येतो, बोलताना तिथे थांबा नसतो. विशेषणांचे पाहा. ‘अ लाँग, टायरिंग जर्नी’ यात कॉमा आहे, ‘अ लिटल ओल्ड हाउस’ यात नाही. दोन्ही मोठ्याने म्हणून बघावे. कानाला फरक जाणवत नाही. फरक अर्थाच्या बांधणीत आहे. लांब आणि थकवणारा ही दोन्ही विशेषणे प्रवासाला सारख्याच अंतरावरून लागतात, त्यांच्यामध्ये ‘अँड’ घालता येतो. दुसऱ्यात ‘ओल्ड हाउस’ ही आधीच एक जोडी झाली आहे आणि ‘लिटल’ त्या जोडीला लागते. तिथे ‘अँड’ घातला तर ऐकणारा अडखळतो. हा फरक श्वास मोजून कधीच सापडणार नाही.

अतिव्याप्ती तर आमच्या वह्यांत पानोपानी. ‘द टीचर्स हू टॉट मी इन द ओल्ड स्कूल निअर द रिव्हर आर रिटायर्ड.’ ‘रिव्हर’ या शब्दाशी दम लागतो. प्रत्येक मुलगा तिथे थांबतो, आणि नियम प्रामाणिकपणे पाळत कॉमा देतो. पण ‘टीचर्स’ पासून ‘रिव्हर’ पर्यंत सगळा एक कर्ता आहे, आणि त्याचे क्रियापद पुढेच उभे आहे. मध्ये कॉमा टाकणे म्हणजे कर्त्याला त्याच्या क्रियेपासून तोडणे.

यावर जाणकार पूर्वपक्षी म्हणेल: हे अपवाद झाले. बहुतेक वेळा कॉमा आणि थांबा एकत्र दिसतात ना? दिसतात, हे मी मान्य करते. पण एकत्र दिसणे म्हणजे कार्यकारण नव्हे, हेही न्यायशास्त्रानेच शिकवले. धूर दिसला तर अग्नी असतो. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. या आडून काम करणाऱ्या अटीला उपाधी म्हणतात. कॉमा आणि थांबा यांच्या सोबतीमागेही अशीच उपाधी आहे, आणि ती म्हणजे वाक्याची रचना. वाक्यात सांधा असेल तर बोलणारा बहुधा तिथे किंचित रेंगाळतो, आणि लिहिणारा बहुधा तिथे खूण करतो. दोघे एकाच कारणाची दोन कार्ये आहेत. एका कार्याला दुसऱ्याचे कारण मानले की सांधा नसलेल्या जागी नुसत्या दमामुळे पडलेला थांबासुद्धा कॉमा मागू लागतो.

शिवाय कॉमा श्वासाचा असता तर तो सगळ्या भाषांत सारख्या जागी आला असता. फुप्फुसे तर सगळ्यांची सारखीच. ‘मला माहीत आहे की तो येईल’ हे एकच वाक्य घ्या. जर्मन माणूस ‘की’ या अर्थाच्या शब्दाआधी कॉमा देतो. तो तिथे सक्तीचा आहे, वाचणारा थांबो वा न थांबो. इंग्रजीत ‘आय नो दॅट ही विल कम’ यात कॉमा कुठेच येत नाही. आणि आपल्यापैकी अनेक जण मराठीत ‘की’ झाल्यावर कॉमा देतात. एकच विचार, तीन भाषा, तीन वेगळ्या रीती.

इथे मी माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. श्वासाचा नियम इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाला कदाचित थोडाफार उपयोगी पडत असेल. त्याच्या कानात इंग्रजी वाक्याची लय जन्मापासून आहे. पोटवाक्य आले की आवाज कुठे उतरतो आणि पुन्हा कुठे चढतो हे त्याला न शिकवता कळते. आमच्या मुलांच्या कानात मराठीची लय आहे, आणि तसेच असायला हवे. ती इंग्रजी वाक्य वाचतात तेव्हा थांबतात मराठी वाक्याच्या सांध्यांवर. त्यांना ‘जिथे थांबाल तिथे कॉमा द्या’ असे सांगणे म्हणजे इंग्रजी वाक्यावर मराठीचे सांधे कोरायला सांगणे होय.

चुकांचे नमुने पाहिले की हे ठळक होते. ‘ही सेड दॅट,’ असा ‘दॅट’ नंतरचा कॉमा आमच्याकडे अर्जांत, अहवालांत, अगदी छापील मजकुरातही दिसतो. तो आपल्या ‘की,’ मधून आलेला आहे. ‘द बॉय हू केम यस्टरडे, इज माय ब्रदर’ हा त्याहून मुळातला नमुना. मराठीत आपण म्हणतो, ‘जो मुलगा काल आला होता, तो माझा भाऊ आहे’. जो-तो च्या जोडीत दोन पूर्ण वाक्ये समोरासमोर उभी असतात आणि त्यांच्यामध्ये कॉमा शोभतो, थांबाही शोभतो. इंग्रजीत ‘तो’ नाहीच. तिथे ‘हू केम यस्टरडे’ हा तुकडा ‘बॉय’ ला टाचलेला आहे आणि ‘बॉय’ थेट ‘इज’ ला भिडतो. मुलगा मराठीतला ‘तो’ मनात उच्चारतो आणि त्याच्या आधीचा कॉमा कागदावर उमटतो. तिसरा नमुना, ‘इट वॉज रेनिंग, वुई स्टेड अ‍ॅट होम’. मराठीला अशी माळ फार आवडते. ‘तो आला, बसला, चहा प्यायला, निघून गेला’ हे मराठीत उत्तम वाक्य आहे. इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र वाक्यांना नुसत्या कॉमाने बांधता येत नाही; ‘सो’ किंवा ‘अँड’ सारखा शब्द हवा, सेमीकोलन हवा, नाहीतर सरळ फुलस्टॉप. या तिन्ही चुका करणारी मुले आळशी नाहीत. ती आपल्या भाषेशी इमानी आहेत आणि आपण दिलेल्या नियमाशीही.

खंडन एवढे पुरे. मग कॉमा करतो तरी काय?

माझे उत्तर मराठीच्या आधारे देते. मराठीत शब्दांची नाती प्रत्यय सांगतात. ‘ती धुणे धूत असताना बाळ रडू लागले’ आणि ‘ती बाळाला आंघोळ घालत असताना...’ यांत बाळ कर्ता की कर्म हे ‘ला’ पाहिल्याबरोबर कळते. इंग्रजीने असले प्रत्यय फार पूर्वी गमावले. तिच्याकडे उरली शब्दांची जागा. ‘व्हाइल शी वॉज वॉशिंग द बेबी स्टार्टेड टू क्राय’ हे वाक्य वाचणारा ‘बेबी’ ला ‘वॉशिंग’ चे कर्म समजून पुढे जातो आणि ‘स्टार्टेड’ वर आपटून मागे येतो. ‘वॉशिंग’ नंतर कॉमा दिला की बाळ आपल्या क्रियापदाकडे जाते. जे काम आपल्याकडे एक अक्षरी प्रत्यय करतो ते तिथे ही एवढीशी खूण करते. कॉमा हा इंग्रजीचा न उच्चारलेला प्रत्यय आहे, असे मी वर्गात सांगते.

‘आय डिड नॉट गो बिकॉज ही वॉज देअर.’ कॉमा नसताना याचे दोन अर्थ होतात. एक, तो तिथे होता म्हणून मी गेले नाही. दुसरा, मी गेले, पण तो तिथे होता म्हणून गेले असे नाही. मराठीला दोन्ही अर्थांसाठी वेगळे वाक्य बांधावे लागते आणि गोंधळ उरत नाही. इंग्रजीत ‘गो’ नंतर कॉमा दिला की पहिला अर्थ पक्का होतो. तसेच ‘हाउएव्हर’ चे. त्याच्यापुढे कॉमा असेल तर अर्थ ‘तथापि’; ‘हाउएव्हर हार्ड यू ट्राय’ असे सलग लिहिले तर ‘कितीही’. शब्द तोच आणि वाक्यातली जागाही तीच, पण कॉमाने त्याची जात बदलली.

कॉमाचा एकट्याने उभा राहणारा प्रकार असा सीमा दाखवतो. दुसरा प्रकार जोडीने येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. वाक्याच्या मध्ये जादा माहितीचा तुकडा ठेवायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना कॉमा लागतो, हलक्या कंसासारखा. उघडलेला कंस बंद न करणारा लिहिणारा सापडत नाही, पण उघडलेला कॉमा बंद न करणारे हजारो सापडतात. कारण सरळ आहे. तुकडा सुरू होताना थांबावेसे वाटते, संपताना पुढचे क्रियापद ओढून नेते. श्वासाला जोडी मोजता येत नाही.

‘द फार्मर्स, हू हॅड टेकन लोन्स, वेअर प्रोटेस्टिंग.’ या दोन कॉमांनी सगळ्या शेतकऱ्यांना कर्जदार केले. दोन्ही काढा, आणि निदर्शने करणारे फक्त कर्ज घेतलेले शेतकरी उरतात. बाकीचे घरी आहेत. बातमीदाराने इथे आपल्या श्वासावर भरवसा ठेवला तर तो खोटी बातमी देईल.

कोणी म्हणेल, हे व्याकरणकारांचे कीस काढणे झाले. व्यवहारात अर्थ संदर्भाने कळतोच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५२ मध्ये अश्विनीकुमार घोष विरुद्ध अरविंद बोस या खटल्यात विरामचिन्हांना कायद्याच्या अर्थनिर्णयात गौण स्थान दिले होते. तो दाखला मी नाकारत नाही. पण त्याच न्यायालयाचा १९७९ चा एक निकाल आपल्याच राज्याच्या खटल्यातला आहे, मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रश्न औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ चा होता. त्या कलमात तेव्हा गुन्ह्याच्या कृती एका ओळीत होत्या: ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स’. नुसता साठा बाळगणे हा गुन्हा, की विक्रीसाठी साठा बाळगणे हा गुन्हा? न्यायालयाने बोट ठेवले ते ‘स्टॉक्स’ नंतर कॉमा नाही या गोष्टीवर. कॉमा नाही म्हणून ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ हा एक अखंड तुकडा ठरतो, आणि ‘विक्रीसाठी’ ही अट साठ्यालाही लागते. तिथे कॉमा असता तर औषधे नुसती जवळ असणेही त्या कलमाखाली आले असते. माणसाची शिक्षा ज्या ओळीवर ठरते ती ओळ मोठ्याने वाचताना कोण कुठे थांबते याला तिथे काय किंमत असणार?

कॅनडातला एक वाद मला याहूनही बोलका वाटतो. रॉजर्स कम्युनिकेशन्स या कंपनीने अलायंट कंपनीशी विजेच्या-फोनच्या खांबांवरून तारा नेण्याचा करार केला होता. करारातले वाक्य असे बांधलेले होते: करार पहिली पाच वर्षे चालेल, आणि त्यानंतर पुढच्या पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी चालेल, जोपर्यंत एखादा पक्ष वर्षभराची लेखी सूचना देऊन तो संपवत नाही तोपर्यंत. रॉजर्सच्या समजुतीने पहिल्या पाच वर्षांत कोणालाच बाहेर पडता येत नव्हते. पण इंग्रजी वाक्यात ‘अनलेस’ च्या आधी एक कॉमा होता. त्या कॉमामुळे ‘पुढच्या मुदती’ वाला तुकडा दोन कॉमांच्या मध्ये कोंडला गेला, आणि ‘अनलेस’ ची अट त्याला ओलांडून पहिल्या पाच वर्षांनाही जाऊन लागली. दूरसंचार नियामकाने २००६ मध्ये याच आधारावर अलायंटच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी तो फिरवला, कारण त्याच कराराच्या फ्रेंच प्रतीत हा संदेह नव्हता. ते इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचले तर ‘अनलेस’ च्या आधी कोणीही थांबेल. वाक्य लांब आहे, दम लागतो. श्वासाच्या नियमाने तो कॉमा अगदी योग्य आहे, आणि कराराच्या नियमाने तो लाखो डॉलरचा आहे.

अमेरिकेत मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या चालकांचा ओव्हरटाइमचा खटला सर्वांना माहीत आहे. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने, कायद्यातल्या ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांच्या यादीत शेवटच्या ‘ऑर’ आधी कॉमा नसल्यामुळे अर्थ संदिग्ध आहे असे ठरवून चालकांच्या बाजूने निर्णय दिला, आणि पुढे पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतल्या या शेवटच्या कॉमाबद्दल इंग्रजांत आणि अमेरिकनांत, वृत्तपत्रांत आणि ऑक्सफर्डच्या छापखान्यात मतभेद आहेत. मी तो देते, कारण त्याने कधी नुकसान होताना पाहिले नाही. पण न देणाऱ्याला चुकीचे म्हणणार नाही. वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या लहान शब्दसमूहानंतरही तसेच. ‘इन १९४७’ नंतर कॉमा द्यावा किंवा न द्यावा. कॉमाच्या प्रांतात निवडीची जागा आहे, आणि एखादा लेखक तिथे लयीसाठी कॉमा देत असेल तर तो त्याचा हक्क आहे. मात्र आधी सांधे ओळखता आले पाहिजेत, तरच ही निवड खरी असते. ज्याला सांधा दिसत नाही तो निवड करत नसतो, अंदाज करत असतो.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण मी तो स्वतः वर्षानुवर्षे घेतला आहे. वाक्यरचना लहान मुलांना समजत नाही, श्वास समजतो. म्हणून आधी श्वास शिकवू, पुढे बघू. यातला ‘पुढे’ कधी येत नाही, हा माझा अनुभव. पदवीच्या वर्गात आलेली मुलेही तोच ‘एक मोजा’ घेऊन येतात. आणि मराठी मुलांना रचना समजत नाही हेही खरे नाही. कर्ता, कर्म, क्रियापद त्यांना मराठीच्या तासाला शिकवलेले असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर वाढलेल्या पिढ्यांनी वाक्य उकलून आणि दुसऱ्या भाषेत पुन्हा बांधून इंग्रजी कमावले. वाक्य उकलायला वय लागत नाही, सवय लागते.

मी आता वर्गात श्वासाचे नाव काढत नाही. दोन गोष्टी करायला सांगते. क्रियापदावर बोट ठेवा आणि त्याचा कर्ता कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवा. मग जो तुकडा जादा वाटतो तो उचलून बाजूला ठेवा आणि उरलेले वाक्य वाचा. उरलेले वाक्य उभे राहिले आणि अर्थही बदलला नाही, तर त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना कॉमा. वाक्य कोसळले किंवा अर्थ बदलला, तर एकही नाही.

गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले होते, ‘माय सिस्टर हू इज इन कोल्हापूर गॉट अ जॉब’. कॉमा नव्हता. मी विचारले, बहिणी किती? एकच, ती म्हणाली. मग ‘हू इज इन कोल्हापूर’ काढून टाकले तर कोणती बहीण हे कळेल का? कळेल, ती म्हणाली, आणि थोडा वेळ वाक्याकडे बघत राहिली. मग तिने ‘सिस्टर’ नंतर एक आणि ‘कोल्हापूर’ नंतर एक असे दोन कॉमा दिले. वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितले तेव्हा तिने ते आधीसारखेच वाचले, एका दमात, कुठेही न थांबता.